मगाच्या तळाशी दोन बायका

तीर्थरूप रोसाल्बा मावशीस,

आर्सेसिओचा लवून नमस्कार. मानिसालेसच्या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणताहेत? इथे एल कार्मेनमध्ये सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

चांगली मुलगी दिसली की उशीर करू नकोस, हे तुमचंच म्हणणं. म्हणून सप्टेंबरातल्या प्रेम-मैत्रीच्या सणाला मी नुबियाला चॉकलेट प्यायचा एक मग दिला. (नुबिया म्हणजे औषधाच्या दुकानातली. फोटो बघून तुम्ही 'नाक बरं आहे' म्हणाला होता.) आमच्या गावात घरोघरी फुलाफुलांची भांडी, तेव्हा मुद्दाम अमूर्त चित्राचा घेतला, आतून-बाहेरून रंगवलेला. तळाशी दोन तपकिरी गोळे आणि मधून एक वाकडी रेघ. चित्रकार म्हणाला, हे तळमळणारं हृदय आहे. मला ती करपलेली आरेपा, म्हणजे आपली मक्याची भाकरी, वाटली, पण कलेपुढे आपण काय बोलणार! नुबियाला मात्र तो फारच आवडला. इतका, की मी लग्नाचं विचारायला घरी गेलो तेव्हा तिने कौतुकाने आईला त्यातच गरम चॉकलेट प्यायला दिलं.

तिथेच घात झाला. तिच्या आईने, बेरेनिसेबाईंनी, चीज बुडवून बुडवून चॉकलेट संपवलं, रिकामा मग बशीवर पालथा घातला आणि तुम्ही वाचता तसं तळाच्या गाळातून भविष्य वाचायला घेतलं. वाचता वाचता चेहरा उतरला.

"दोन बायका. आणि मध्ये एक वाकडा पुरुष."

"अहो बाई, ते चित्र आहे!"

"पकडला गेला की प्रत्येकजण असंच काहीतरी म्हणतो."

मी तडक उठलो आणि तो मग साबणाने खसाखसा घासून आणला. त्यांनी आत डोकावून छातीवर क्रूस काढला. "बघ गं नुबिया, धुतलं तरी जात नाही!" तोवर हसणारी नुबिया हसायची थांबली आणि म्हणाली, "दुसरी कोण?" तेव्हापासून तिच्या दुकानात मला डोकेदुखीची गोळी मिळते, शब्द मिळत नाही. मावशी, तिच्याशिवाय मला खरंच करमत नाही हो.

तुमचा,
आर्सेसिओ

ता. क. गाळ वाचण्यात बेरेनिसेबाई फक्त तुम्हाला मानतात. रविवारी त्या तो मग घेऊन तुमच्याकडे येताहेत. दुसरी बाई म्हणजे आईच्या मायेची मावशी, एवढं वाचून दाखवा.

आणखी ता. क. हे मग जोडीनेच विकतात, ही बातमी नुबियाला लागली आहे. दुसरा तुमच्याकडे आहे असं मी सांगून बसलोय. तो आमच्या कचेरीतल्या मार्लेनीकडे आहे. सणाच्या गुप्त मित्राच्या खेळात ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची असते; माझ्या चिठ्ठीत तिचंच नाव निघालं, यात माझा काय दोष? तो मग तिच्याकडून आणून शनिवारच्या बसने पाठवतो. त्यातून रोज पीत असल्यासारखं दाखवा.

शेवटचा ता. क. मार्लेनी मग द्यायला तयार आहे, फक्त आधी तिच्या हातचं चॉकलेट त्यातून प्यायला हवं म्हणते. आज संध्याकाळी जातोय. गरम आरेपा करणार आहे, नाही कसं म्हणू? तिच्या मगातला एक गोळा म्हणे हल्ली पुसट होत चाललाय.