हजेरीचं हिरवं बटण

३ मार्च, सकाळी ११.१०
आले एकदाची. निवृत्तांसाठीचं हे निवासस्थान मला आवडलं. खोली उजेडाची, गादी टणक, खिडकीखाली बाग. दारांना किल्ल्या नाहीत. ती दारं संगणकच उघडतो. भिंतीवर टचस्क्रीनचा पडदा आणि त्यावर हिरवं बटण, ‘मी इथेच आहे’. रोज नऊच्या आत आपापल्या खोलीतून दाबायचं. सलग तीन दिवस चुकलं की खोली रिकामी धरून दार बंद. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर हजेरी घेताना निदान मान वर करून तोंड तरी बघायच्या. लेकीला हे सांगितलं, तर म्हणे, आई, पहिल्याच दिवशी खुसपटं काढू नकोस.

६ मार्च
माझी खोली चौदा, शेजारी पंधरा नंबरमध्ये ड्रॉइंगच्या बाई राहतात. गप्पिष्ट, हसल्या की खांदे गदागदा हलतात. त्यांचा पडदा बिघडला म्हणून आज नवा कोरा बसवला. बटण दिसतं झकास, दाबलं तर ढिम्म. त्यांनी दाबलं, मी दाबलं, सफाईवालीनेही दाबून पाहिलं.

७ मार्च
हजेरीची वेबसाइट बनवणारा आला. व्यवस्थापिकेचा भाचा. स्वतःच्या जुनाट लॅपटॉपवर नमुन्याचं बटण दाबून म्हणाला, बघा आजी, माझ्याकडे चालतंय. मी म्हटलं, आजी असेन, पण तुझी नव्हे. नव्या पडद्यावर का चालत नाही ते सांग. तर नवे ब्राउझर जुन्या पद्धतीचा कोड ओळखत नाहीत म्हणे. वेबचे नियम सारखे बदलतात, त्यांच्या मागे कोण धावणार, बारा वर्षांपूर्वी शिकलो तेवढं पुरे आहे. तुझा दातांचा डॉक्टर असं म्हणाला तर तोंड उघडशील का, असं विचारल्यावर स्वारी फुगून निघून गेली.

९ मार्च, सकाळी ९.०१
पंधराचं दार बंद झालं. बाई आत आहेत. व्यवस्थापिकेने यादी पाहिली: खोली रिकामी. मी तिचा कान माझ्या भिंतीला लावला, बाईंची टकटक ऐकवली. पाण्याचे पाइप वाजतात म्हणाली. रिकाम्या खोलीचं दार कोण फोडतं, असं मलाच विचारलं.

१० मार्च
जेवणघरातून बाईंची खुर्ची उचलली. त्या टकटक करतात, मी चमच्याने उत्तर देते. लेखी तक्रार दिली. दुपारी माझाही पडदा बदलला. न मागता. बटण ढिम्म.

११ मार्च
पोलिसांकडे निघाले होते. कालपर्यंत उघडणारं फाटक आज उघडेना. तेही यादीच बघतं. भाच्याने कळवलंय, नवीन पद्धत शिकायची तर दोन महिने लागतील. दोन महिने!

१२ मार्च
खोलीतल्या फोनवरून ऑफिसकडे लेकीचा नंबर जोडून मागितला. जोडणारी म्हणाली, चौदा नंबरची दोन दिवस हजेरी नाही, तिथून कोणी बोलू शकत नाही. मग मी कोण बोलतेय? फोन ठेवला तिने. जेवणघरात माझी खुर्ची—
टकटक आता थांबून थांबून येते.

१३ मार्च, सकाळी ८.५२
व्हरांड्यात जाऊन उभी राहिले तर मी तरी बाहेर राहीन. कळतं मला. पण माझा चमचा थांबला तर पलीकडे बाईंना वाटेल—
नाही. भिंत सोडणार नाही.

८.५७
बटण. पुन्हा. पुन्हा—
व्यवस्थापिका, हे पान दाराखालून सरकवते आहे. दोन्ही दारं उघडी राहतील असं लेखी उत्तर, सहीनिशी, आज नऊच्या आत हवं. तोंडी चालणार नाही. एक मिनिट जरी उशीर झाला तर मी—