गुंजीच्या टाकीवरचा कमांडो

तीर्थस्वरूप मष्णू दाजींना खासबागेहून मेव्हण्या महादेवचा साष्टांग नमस्कार. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे पत्र लिहायला बसेपर्यंत तरी होतो. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? (रीत म्हणून विचारत नाही, गुडघ्यांशी खरंच काम आहे, पुढं येईल.) फोन केला असता, पण माझ्या बायकोच्या कानावर गेलेली गोष्ट गुंजीत मंगल आक्काकडं पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणून तुमच्या लष्करी युनिटच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट. वाचा आणि फाडून टाका.

सुरुवात उद्यमबागेत झाली. आमच्या फौंड्रीत चहाच्या सुट्टीत अतुल (निपाणीचा, तपासणी खात्यात आहे, कास्टिंगसारखीच सगळी दुनिया तपासतो) फोनवर व्हिडिओ लावून बसला होता. जगातले सगळ्यांत भारी कमांडो कुणाचे? पहिले इंग्रजांचे, दुसरे अमेरिकेचे, मग इस्रायल, मग रशिया, आणि आपले नववे. नववे, दाजी! माझा बुडवलेला बटर-टोस्ट चहात विरघळून गेला तरी मला कळलं नाही. मी म्हटलं, नंबर काढणाऱ्यानं आमच्या दाजींना बघितलंय का? त्यावर अतुलनं विचारलं, तुझे दाजी करतात काय? आता 'युनिटमध्ये स्वयंपाकी आहेत' एवढंच सांगायचं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही, आणि त्याची मला आता मनापासून लाज वाटते. मी म्हणालो, कमांडो.

मग त्यानं पुरावा मागितला. तसा मी फार खोटं बोललो नाही. परदेशी कमांडो सरावाला आले होते तेव्हाच्या तुमच्याच गोष्टी सांगितल्या. इंग्रज तुमच्यासमोर डोळ्यांतून पाणी गाळत खाली बसला, अमेरिकन तासभर टिकला आणि शेवटी त्यानं हात जोडले, रशियन चकार शब्द न काढता शेवटपर्यंत लढला पण दुसऱ्या दिवशी त्याला उठवेना. हे सगळं दिवाळीत तुम्हीच सांगितलं होतंत. मी त्यातला ठेचा, पुऱ्या आणि पाण्याचा तांब्या तेवढा गाळला.

एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारी नागेंद्र बसला होता. (तुमच्या गुंजीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, आमच्याकडं मोल्डिंगला आहे. तुम्ही फौजेत आहात एवढंच त्याला ठाऊक.) रविवारी तुम्ही नोकरी पुरी करून येणार, स्टेशनवरून देवळापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक, हे ठरलेलंच होतं. त्यात आता भर पडली. स्टेशनसमोर मोठा फ्लेक्स लागलाय. तोंड आणि मिशी तुमची, खालचं धड नेटवरून घेतलेलं. अतुल फोटो बघून म्हणाला, पोशाख रशियन आहे, बंदूक इस्रायलची. म्हणजे दाजी, तुमच्या अंगावर तिसरा आणि चौथा नंबर आहे आणि नवव्याचं नुसतं डोकं!

आणि खरं संकट पुढंच आहे. मिरवणूक पाण्याच्या टाकीपाशी थांबणार, तुम्ही टाकीवर चढणार आणि दोरानं सरसर खाली उतरून दाखवणार. दोर आमच्या क्रेनचा. नागेंद्रनं तुमचं वजन विचारलं, मी घाबरून बासष्ट सांगितलं. (दिवाळीत तुम्ही नव्वदाला टेकला होतात.) काल त्यांनी बासष्ट किलो वाळूचं पोतं सोडून बघितलं. पोतं आलं सरसर, दाजी, पण शेवटी ते पोतं राहिलं नाही. तेव्हापासून जेवण जात नाही. डोळे मिटले की पोत्याला मिशा दिसतात. तुम्हाला काही झालं तर आक्काला कुठल्या तोंडानं भेटू?

तुमचा भेदरलेला मेव्हणा,
महादेव

ता. क. पत्राचं खरं कारण हे. येताना उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून या. तिथल्या दवाखान्यात तुमची ओळख असेलच. शेवटच्या मोहिमेत लागलं म्हणून सांगू, बाकी मी बघतो.

ता. क. २. प्लास्टर घालू नका! पाकीट चिकटवायच्या आत आक्का रविवारची साडी घ्यायला इकडं आली आणि पत्र तिच्या हाती लागलं. सगळं वाचलं. माझ्याकडं बघत म्हणाली, "माझ्या नवऱ्याला लंगडा करतोस व्हय रं? चोवीस वर्सं फौजेतल्या पोरांच्या पोटाला येळेवर घातलंय त्येनी. त्यात लाज कसली वाटली रं तुला?" मला रडू आलं. मग तिनंच माझ्या फोनवरून नागेंद्रला सगळं सांगितलं, ठेच्यासकट. अतुल त्याच्या शेजारीच ऐकत होता. मग अतुलचा आवाज आला, "म्हंजे एवढे सगळे कमांडो जेवणानं पाडले? मग खाऊन बघाय पायजे."

तर आता दोर रद्द. त्याऐवजी रविवारी देवळात चारशे पानं उठणार आहेत आणि स्वयंपाक तुम्ही करणार आहात. (आक्का म्हणते, आधी हार, मग झारा.) अतुल पहिल्या पंगतीला बसतोय. जैन माणूस, लसूण खात नाही, त्याच्यापुरता ठेचा वेगळा करा. लसूण वगळा, पण मिरची इंग्रजाला घातली होती तेवढीच घाला. तो नववा नंबर मला त्याच्याच तोंडून बदलून घ्यायचा आहे. पाण्याचा तांब्या मी माझ्याजवळ ठेवतो.