एक मूठ जास्तीची

दादा, आज अंबाडीची भाजी केली, कण्या घालून. भाजी पुरत नसली की जाडसर भरडलेली ज्वारी, म्हणजे कण्या, टाकून ती वाढवायची, हे मायचं काम होतं. निजामाचं राज्य जाऊन थोडेच दिवस झाले होते, पावसानं दगा दिला होता आणि त्यातच माय गेली. मागं उरलो बाप म्हणून तुम्ही आणि आम्ही दोघी लेकी, मी आणि धाकटी. आपल्या गावात कुठला गडी चुलीपुढं बसायचा? तुम्ही बसलात. लोक हसले, तर म्हणालात, "चुलीला काय कळतंय, बाई बसली का गडी."

पण माप चुकलं. माणशी एक मूठ कण्या, हा मायचा हिशोब. तुम्हीही तेवढ्याच मुठी टाकत गेलात आणि दिवाळी सरता सरता कणगी तळाला लागली. तुम्ही वाकून कणगीत बघत राहिलात, मग मला जवळ बोलावून माझा हात आपल्या तळव्यावर ठेवलात. "मूठ तिची होती, बाई. म्या माझी टाकली. आता तू टाकत जा." नांगर धरणाऱ्या तुमच्या मुठीत मायच्या दोन मुठी मावायच्या. त्या दिवसापासून कण्या मी टाकू लागले.

मग गंगाखेडहून मावशी आली. "दाजी, धाकटीला मी नेते. मला लेकरू न्हाई, आन् तिथं तिला पोटाला तरी मिळंल." तुम्ही बुधलीतलं होतं नव्हतं तेल भाजीवर ओतलंत, लसूण लाल होऊ दिलात. तो पाहुणचार नव्हता. आपल्या घरात खायला आहे, लेकरू न्यायची गरज नाही, हे तुम्हाला दाखवायचं होतं. मावशी जेवली, भाजीला नावं ठेवली नाहीत. हात धुवायला उठली तेव्हा कणगीत डोकावली आणि येऊन धाकटीची वेणी घालायला बसली. बैलांना पाणी दाखवायचं म्हणून तुम्ही गोठ्यात गेलात, ते मावशीची गाडी धाकटीला घेऊन वेशीबाहेर पडेपर्यंत आलाच नाहीत.

संध्याकाळी मी दोनच मुठी टाकल्या. तुम्ही चुलीतला जाळ सारत म्हणालात, "अजून एक टाक."

"ती न्हाई ना, दादा."

"आली माघारी, तर उपाशी निजंल का?"

ती मूठ रोज शिजली. रोज सकाळी ते शिळं मीठपाण्यात कालवून तुम्ही खायचात आणि शेतात जायचात. शिळं गोड लागतं म्हणायचात. माझा विश्वास बसायचा.

धाकटी आली ती पंचमीला, नव्या परकरात. मावशीला आई म्हणत होती. तुम्ही तिचं ताट वाढलंत, अंबाडी, कण्या, वर तेलाची धार. ती उंबऱ्यापाशी पाहुण्यासारखी बसली, म्हणाली, "मी जेवून आले." दादा, तेव्हा तुम्ही रडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही ते ताट झाकून ठेवलंत. माझं काळीज अजून त्या ताटापाशीच अडकलंय.

आता तुम्ही नाही, धाकटीही नाही. घरात कशाला तोटा नाही, सून सगळं वाटीनं मोजते. कण्या तेवढ्या मी टाकते, माणशी एक मूठ आणि वर एक. आज तिनं विचारलं, "आत्याबाई, कुणी यायलंय का?"

हा कागद कण्यांच्या डब्याखाली ठेवून देते. तिला मी हो म्हणाले, दादा.