कमळाबाई पुस्तक मिटू देईनात

लालबाग, मुंबई १२
रविवार, ता. ९ मार्च १९५८

चि. सौ. चंपास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्या कास्मीररावांना माझा नमस्कार सांग. वरचं ‘सौ.’ मुद्दाम लिहिलंय. लग्नाला तीन वर्षं होत आली तरी या घरातून तुला ते कुणी लिहिलं नव्हतं.

इकडे सगळं बरं आहे. आईचे गुडघे तेवढे दुखतात, नानांना गिरणीत सध्या दिवसपाळी आहे. आणि मी म्हणशील तर पार थकले आहे बघ. दिवसभर शाळेत पोरींपुढे ओरडायचं, आणि संध्याकाळी खांद्याला पिशवी अडकवून कुठल्यातरी पुस्तकाच्या दुकानात स्वतःचीच कादंबरी वाचायला जायचं. प्रकाशक म्हणतात, “बकुळाबाई, नव्या लेखिकेचं पुस्तक कोण आपणहून घेतंय? आधी ऐकवा, मग घेतील.” ऐकवते आहे. तोंडात खडीसाखर आणि टाचांना फोड, अशी तुझी ही लेखिका बहीण.

पहिलं वाचन तुमच्या गिरगावातच झालं, फणसवाडीच्या तोंडाशी. तुला कार्ड टाकलं होतं. खुर्च्या पुष्कळ मांडलेल्या, माणसं मोजकी, त्यातले एक आजोबा तर पंख्याखाली डुलकी काढायलाच आले असावेत. माझं लक्ष सारखं दाराकडे. एक ओळ दोनदा वाचली तरी कुणाला कळलं नाही. तू आली नाहीस. पुस्तक पाठवलं होतं, ते पोचलं का तेही कळवलं नाहीस. असो. काम असेल.

दादरला दुकान गच्च भरलं होतं. मी मेली हरखले. मग कळलं, निम्मे लोक समितीची सभा आहे असं समजून आले होते. एका चष्मेवाल्यानं उभं राहून विचारलं, “तुमच्या कादंबरीत संयुक्त महाराष्ट्र कुठे येतो?” म्हटलं, येत नाही, एक खोली आहे आणि तिचं दार आहे. “मग आजच्या काळात हिचं प्रयोजन काय?” दुकानदारानंसुद्धा मान डोलावली, जळ्ळं मेलं त्याचं दुकान! मला बोलायचं होतं खूप, पण अंगात त्राणच नव्हतं. परळला तर वाचन सुरू व्हायच्या आत मोर्चा आला. दुकानदारानं फळ्या लावल्या आणि मला चहा पाजून वाटेला लावलं. मोर्च्यात आपले नाना होते, झेंडा खांद्यावर. माझ्याकडे बघितलं नाही, पण घोषणा जरा जास्तच जोरात दिली.

नाना कादंबरीबद्दल एक अक्षर बोललेले नाहीत. रविवारी चाळीच्या गॅलरीत सगळ्यांना पेपर वाचून दाखवणारा माणूस, पण माझं पुस्तक देवाच्या तसबिरीमागे ठेवून मोकळे झाले. वाचलं का, हे विचारायची माझी छाती नाही.

बघ, सांगायचं ते राहिलंच आणि मी गिरगाव-दादर करत बसले.

गेल्या आठवड्यात आपल्या गुणाजींच्या दुकानात वाचन होतं. तेच ते नाक्यावरचं, पोथ्या, पंचांगं आणि शाळेची पुस्तकं विकतात ते. आत उभं राहायला जागा नाही, म्हणून त्यांनी बाहेर सतरंज्या घातल्या. आपल्या चाळीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. त्यांना ऐकायचं म्हणजे पोथीच ठाऊक. कमळाबाईंनी येताना कुंकवाचा करंडा आणला आणि मी हां हां म्हणेपर्यंत कादंबरीला हळदकुंकू लावलं. सगळ्यांच्या मागे आई बसली होती. आईला वाचता येत नाही, आणि या पुस्तकात काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

मी शेवटचं प्रकरण वाचलं. तू पुस्तक उघडलं असशील तर तुला माहीत आहे. मुलगी चर्चमध्ये लग्न करून येते, बरोबर नवरा, हातात पेढ्यांचा पुडा. कडी वाजवते. आत सगळे जागच्या जागी बसलेले. बाप उठत नाही, म्हणून कुणीच उठत नाही. ती उभी असतानाच कादंबरी संपते. जसं झालं तसंच लिहिलं, चंपे. तुला विचारायला हवं होतं. रागावली असशील तर खुशाल रागव.

मी पुस्तक मिटलं. कुणी हलेना. कमळाबाई म्हणाल्या, “फुडे?”

“पुढे काही नाही. संपलं.”

“संपला कसा? चेडू भायर उभा हा आणि तू पुस्तक मिटतंस? देव संकटात असताना पोथी मिटूची नसता, ठाऊक नाय तुका?”

मी समजावलं, बाई, ही पोथी नव्हे, कादंबरी आहे, ती अशीच संपते. छे! बायका सतरंजीवरून उठायला तयार नाहीत. गुणाजीसुद्धा त्यांनाच सामील. “वाचा हो थोडं. माझ्या दुकानातून असं अर्ध्यावर कुणी उठून गेलेलं बरं नव्हे.” मला वाटलं, आता मी इथंच आडवी होईन.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, “बकू, तिका घरात घे गो.”

एवढंच. तुझं नाव नाही घेतलं. तीन वर्षांत घेतलं नाही, तेव्हाही नाही. पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता गं.

मग मी पुस्तक परत उघडलं. शेवटच्या पानानंतर प्रकाशकांच्या इतर पुस्तकांची जाहिरात आहे. त्या पानाकडे बघत मी मनानंच रचून वाचायला लागले. गोष्टीतली आई उठली. हात पिठाचे होते ते पदराला पुसले. दार उघडलं, दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, जावयाच्या पायावर पाणी घातलं आणि लेकीला आत घेतलं. तेव्हा कुठे बायका उठल्या.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “ता पान खयचा?” काय सांगणार? जाहिरातीच्या पानाचा कोपरा मुडपून दिला. तेव्हापासून रोज शाळेतून आले की ती पुस्तक माझ्यापुढे धरते. मी रोज रचते. वर ती चुका काढते, “काल लुगडा हिरवा होता.” कादंबरी लिहिताना एवढी दमले नव्हते, खरंच.

आता आज सकाळचं सांगते. मी मोरीत भांडी घासत होते. आईनं पुस्तक नेऊन नानांपुढे धरलं. “बकूचो घसो बसलो हा. तुम्ही वाचा.”

माझ्या हातातला तांब्या सुटला. नानांनी चष्मा लावला, मुडपलेला कोपरा सरळ केला. समोर नुसती पुस्तकांची नावं आणि किमती. ते बघतच राहिले. मला वाटलं, आता पुस्तक जातंय भिंतीवर.

आई म्हणाली, “वाचा की. आवस उठता थयसून.”

नाना खाकरले. मग पेपर वाचतात तसं, ओळीवर बोट ठेवून, वाचू लागले.

“आई उठली. पण तिच्या आधी बाप उठला.” बोट पुढच्या ओळीवर सरकलं. “कडी घट्ट बसली होती. म्हणून उघडायला वेळ लागला. बाप म्हणाला, बाहेर का उभी? आत ये.”

आपल्या कडीची तुला कल्पना आहेच. ती कधीच घट्ट नव्हती.

आई म्हणाली, “ह्या बकून वाचूक नाय.”

“गाळलं असेल तिनं,” नाना म्हणाले. “इथं छापलंय.”

पुस्तक मिटून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले, आणि मी मोरीत बसून रडले. राग आला, हसू आलं, सगळं एकदमच.

चंपे, पुढच्या रविवारी ठाकूरद्वारला वाचन होतं, ते मी रद्द केलंय. मला आता कुणाला काही ऐकवायचं नाही. तू ये. कास्मीररावांना घेऊन दुपारी जेवायलाच ये. या पत्राला उत्तर पाठवत बसू नकोस.

मघाशी नानांनी विचारलं, कुणाला लिहितेस? मी तुझं नाव घेतलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “माझे आशीर्वाद लिही. दोघांना.”

तर नानांचे आशीर्वाद, दोघांना. हे मी रचलेलं नाही.

तुझी,
बकूताई