न वाचलेल्या भागाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक, पूर्ण शुद्धीत आहे, माझे डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. साक्षीला बसलेल्या डॉक्टरांची तक्रार माझ्या हृदयाबद्दल आहे, बुद्धीबद्दल नाही. हे माझे पहिले व अखेरचे मृत्युपत्र.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेवी मुलगा आणि मुलगी यांना समान हिश्शाने मिळाव्यात. यात समजावून सांगण्यासारखे काहीच नाही, याची हळहळ वाटते.

कलम २. पुस्तकबांधणीचे दाभण, सुया व दाबयंत्र तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना द्यावे. त्या माझ्यापेक्षा सरळ टाके घालतात.

कलम ३. माझ्या दिवंगत पत्नीचे बंधू, म्हणजे माझे मेहुणे, यांनी भर पंगतीत एका कादंबरीचा शेवट सांगायला सुरुवात केली होती. मी कानांवर हात ठेवून ताटावरून उठलो, म्हणून बचावलो. त्यांना माझा जाड शब्दकोश द्यावा. त्याचा शेवट त्यांनी खुशाल कोणालाही सांगावा.

कलम ४. नात झाली तेव्हा मुलीने फोनवरून फर्मावले, "बाबा, तुम्ही तिला लगेच शिकवायला बसाल. आधी पुस्तकं पाठवतेय, ती वाचा." बालसंगोपनाच्या त्या तिन्ही मार्गदर्शिका मी समासात टिपणे करत वाचल्या. विषय विलक्षण आहे! पहिला सिद्धांत असा की, रडणाऱ्या मुलाला कारण विचारू नये, जवळ बसावे. दुसरा त्यातूनच निघतो: जवळ बसल्यावर बोलू नये. पहिला तत्काळ पटला, दुसऱ्याचा सराव चालू आहे. प्रयोगासाठी लागणारी नात मात्र समुद्रापलीकडे आहे. ही पुस्तके मुलाला द्यावीत. "बाबा, आधी माझं लग्न तर होऊ द्या!" ही त्याची हरकत मी नोंदवून घेतली आहे.

कलम ५. मेहुण्यांच्या तावडीतून सुटलेली ती तीन खंडांची जुनी कादंबरी मुलीला द्यावी. तिच्या शाळेच्या दिवसांत आम्ही ती आळीपाळीने मोठ्याने वाचत असू. एकाने वाचायचे, दुसऱ्याने भांडी पुसायची, आणि एकट्याने पुढे जायचे नाही, असा नियम होता. ती नोकरीसाठी गेली तेव्हा तिसऱ्या खंडात थोरली बहीण दार उघडत होती. दाराबाहेर कोण आहे, मला ठाऊक नाही. हल्ली मी पुन्हा पहिल्यापासून वाचत आलो आणि त्याच दाराशी थांबलो.

"कमाल करता बाबा! वाचून टाका ना," मुलगी फोनवर म्हणाली.

"तू वाचलंस?"

"नाही."

घर विकण्यापूर्वी तिने याच स्वयंपाकघरात बसून उरलेला भाग मोठ्याने वाचावा आणि भावाने भांडी पुसावीत. वकील म्हणाले, "सर, ही अट कोर्टात टिकायची नाही." मी त्यांना रीतसर समजावले की अट मोडली तर दंड होतो, विनंती मोडली तर एक खुर्ची रिकामी राहते, एवढाच फरक. तेव्हा ही विनंती समजावी.

कलम ६. माझ्या हयातीत मुलगी आली आणि आम्ही दोघांनी ती कादंबरी पुरी केली, तर कलम ५ मधील विनंती रद्द समजावी. बाकी सारे लिहिल्याप्रमाणे व्हावे. ती विनंती मात्र रद्द व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.

(सही) मृत्युपत्र करणारा

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) शाळेचे ग्रंथपाल

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१७