सुरमईची ताटं

शनिवार, संध्याकाळ

उद्याच्या सहलीसाठी आठ दिवस मी मुलीला चालेल असा उथळ, शांत किनारा शोधत होते. आज स्वारगेटहून घरी येते तर ह्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. तोच किनारा, जिथे गेल्या वर्षी लाटेने मनूला ओढलं होतं. का, तर तिथल्या खानावळीत फोन करून सुरमईची ताटं सांगून ठेवलीत.

मी विचारलं, "अहो, भरती कधी आहे?"

म्हणे, "जेवण एक वाजता."

ताटांची वेळ बरी विचारावीशी वाटली. तो किनारा नको म्हणून मीच आधी ओरडायला हवं होतं का?

सहा वर्षांच्या मनूने भरलेल्या पिशवीतून आपली वाळूची बादली काढून कपाटात ठेवली. म्हणाली, "तुम्ही जेवा. मी गाडीतच बसते."

खानावळीला फोन करून ताटं मीच रद्द केली. ह्यांनी अबोला धरलाय. धरू देत.