ओळख देणाऱ्याची सही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ जुलै १९७९

प्रिय बाळासो,

पाकिटावरचं गिचमिड अक्षर बघून कोणाचं पत्र ते ओळखलं असशील. जीवाला घोर नको म्हणून आधीच सांगतो, तुझी आई ठणठणीत आहे. चिमणामावशी अजून रोज सकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर जाते, गिऱ्हाइकासमोर धार काढते आणि कोणी दूध पातळ म्हणालाच तर म्हशीलाच विचार म्हणते. तू तिच्याशी बोलणं टाकलंस त्याला येत्या दिवाळीत आठ वर्षं होतील. लिहायचंय ते त्याबद्दलच. पण सरळ तिथं यायला माझी छाती होत नाही, म्हणून जरा वळसा घेतो. तेवढा सोस.

बातमी अशी की मी बँकेत खातं उघडलं. हस खुशाल. एका शाळेनं तीनशे गणवेश शिवायला दिले होते. कापड त्यांचं, शिलाई माझी. तुझ्या मेहमुदावहिनीनं काजं-बटणं केली. दोन महिने घरात जेवायलासुद्धा निळ्या चड्ड्या बाजूला सारून बसत होतो. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा शाळेनं क्रॉस चेक हातात ठेवला. तो खात्यातच भरावा लागतो, आणि माझं खातं कुठलं? राजारामपुरीतल्या एका बँकेत गेलो. फॉर्म भरत आलो आणि एका रकान्याशी अडलो, ओळख देणाऱ्याची सही. ज्याचं तिथं आधीपासून खातं आहे त्यानं लिहून द्यायचं, की या माणसाला मी ओळखतो. पेठेत मला कोण ओळखत नाही? अडचण तीच होती.

एकाहत्तर सालचं तुझ्या कानावर आलंच असेल. एका मशिनवर पोट भरत होतं, तर मला तयार कपड्यांचा कारखाना काढायची अवदसा आठवली. सहा मशिनी, उधारीवर कापडाचे तागे, दारावर पाटी. वर्षात सगळं बसलं. मग दिवाळीच्या आधी तालमीत बैठक झाली. गणपतराव मध्यस्थ होते, त्यांचेही पैसे माझ्याकडे अडकलेले. माझ्याकडून येणं असलेल्या सात जणांची यादी वाचली गेली. पाच मशिनी विकून प्रत्येकानं रुपयाला चाळीस पैसे घ्यायचे आणि विषय मिटवायचा असं ठरलं, स्टँपपेपरवर सह्या झाल्या. कोणी एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी तालमीपुढून जात नाही, मागच्या बोळानं घर गाठतो. मेहमुदाला वाटतं, बोळात ऊन लागत नाही म्हणून.

तर आता सही मागायला त्याच लोकांच्या दारात जायचं होतं. गणपतराव म्हणाले, "अमीन, च्या घे, जेवून जा, पर सही तेवढी मागू नगंस." त्यांचं काय चुकलं? दुसऱ्या एकाला अर्धा तास पेनच सापडेना, आणि ते त्याच्या खिशाला लावलेलं मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मी चेक शाळेला परत द्यायचं ठरवलं. तेवढ्यात मावशी दारात. "काय रं, बँकेत सही पायजे म्हनं? माझं खातं हाय की तितं." संध्याकाळचं दूध ती संस्थेला घालते, त्याचे पैसे खात्यात जमा होतात. प्रौढांच्या वर्गाला जाऊन सहीसुद्धा शिकलीय. मी नको नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही, लग्नाकार्याचं लुगडं नेसून माझ्या पुढं चालायला लागली.

बँकेतल्या साहेबांनी विचारलं, यांना किती वर्षं ओळखता? "जन्मल्यापासनं. ह्येच्या आईच्या बाळंतपणाला मीच हुतो की." साहेब हसले. मग सहज विचारलं, माणूस व्यवहाराला कसा आहे? मावशीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "चोख हाय," म्हणाली. आणि खाली वाकून एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. बाळासो, त्या वेळी मला तिच्या पायातल्या चपलांकडेसुद्धा बघवेना. एवढी लाज मला तालमीत सात जणांपुढं वाटली नव्हती.

कारण यादीत आठवं नाव हवं होतं. वखारीतल्या पगारातून जागेसाठी साठवून तू मावशीकडं ठेवायला दिलेले अठराशे रुपये तुला वाटलं तसे तिनं तुझ्या बहिणीच्या, बनाताईच्या नवऱ्याला दिले नव्हते. ते मी नेले. महिन्यात परत करतो म्हणालो, आणि बाळ्याला कळू देऊ नकोस म्हणून तिच्याकडून वचन घेतलं, कारण तुझ्यापुढं मला कारखानदार म्हणून मिरवायचं होतं. कागद नव्हता. बैठकीत गणपतरावांनी "आनि कुनाचं ऱ्हायलंय का?" म्हणून विचारलं तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली. मावशी दूध घालायला आली होती, चरवी घेऊन उंबऱ्याशीच उभी होती. दूध ओतून निघून गेली. पंधरा दिवसांनी तू पैसे मागायला आलास. ती नुसतं "खर्चलं" म्हणाली. तू अंगणात उभा राहून तिला आणि बनाताईला जे जे बोललास ते मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं आणि मशिन चालवत राहिलो. चेक वटला त्या दिवशी मी अठराशे घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं हात लावला नाही. "माझं न्हवंच त्ये. ज्येचं हाय त्येला दे, आनि काय सांगायचं त्ये तूच सांग," म्हणाली. मनिऑर्डर केली असती, पण मनिऑर्डरीच्या चिठोऱ्यावर एवढं मावत नाही. तू ये. पैसे मी तिच्यासमोरच तुझ्या हातात देईन, आणि तुझ्यासमोर तिचे पाय धरीन. मग मला काय मारायचं ते मार, जन्मभर तोंड बघू नकोस, मी हूं की चूं करणार नाही. पण आधी तिच्या दारात जा. आठ वर्षं तू भलत्याच माणसाशी अबोला धरलायस.

तुझाच, अजून म्हणवत असेल तर,
अमीन